अमेरिकेतील शेतीविषयक आपत्ती मदत आणि ग्रामीण कौंटी : एक विवेचन

प्रस्तावना :
अवर्षण, हिमवादळ, पूर अशा आपत्तींत शेतकऱ्याला शासनाने मदत करावी, याविषयी फारसे दुमत नसते. मतभेद निर्माण होतात ते मदतीच्या निकषांविषयी. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आपत्ती घोषित करण्याचे प्रमुख परिमाण कौंटी, म्हणजे राज्याखालील स्थानिक प्रशासकीय घटक, हे आहे. या निकषाचे कार्य व मर्यादा यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
१९३८ मध्ये संघीय पीक विमा महामंडळ स्थापन झाले. १९७३ च्या कायद्याने गहू, कापूस यांसारख्या पिकांसाठी थेट आपत्ती अनुदान सुरू केले. त्यामुळे जोखमीच्या जमिनीवरील लागवडीस उत्तेजन मिळते, अशी टीका झाली. १९८० च्या कायद्याने पीक विम्याचा विस्तार करून अनुदानाची जागा विम्याने घ्यावी, असे धोरण स्वीकारण्यात आले. तथापि १९८८ च्या तीव्र अवर्षणानंतर काँग्रेसला विशेष मदतीचा कायदा करावा लागला. तेव्हापासून विमा आणि प्रासंगिक मदत या दोन्ही व्यवस्था समांतर चालत आल्या आहेत.

निकषांचे स्वरूप :
कौंटीतील किमान एका पिकाच्या उत्पादनात ३० टक्के घट झाल्यास कृषिमंत्री ती आपत्तिग्रस्त घोषित करू शकतात. लगतच्या कौंटींनाही त्याचा लाभ होतो. मात्र या घोषणेने प्रामुख्याने आपत्कालीन कर्ज उपलब्ध होते, अनुदान नव्हे.

पशुपालकांसाठीच्या योजना २०१४ च्या कृषी कायद्याने कायमस्वरूपी झाल्या. त्यांतील दोन योजनांची तुलना उद्बोधक आहे. जनावर दगावल्यास मिळणाऱ्या भरपाईसाठी प्रत्यक्ष मृत्यूचा पुरावा द्यावा लागतो. चारा योजनेत मात्र साप्ताहिक अवर्षण नकाशात कौंटीचा कोणताही भाग ठरावीक तीव्रतेच्या श्रेणीत आला की तेथील पात्र पशुपालकास मदत मिळू शकते. प्रत्येक कुरणाची पाहणी करावी लागत नसल्याने मदत लवकर पोहोचते, हा या पद्धतीचा गुण होय. परंतु कौंटीच्या एका टोकास पाऊस पडला आणि दुसरे टोक कोरडे राहिले, तरी दोन्हीकडील पशुपालक एकाच पंक्तीत बसतात.

या दोषाचे ठळक उदाहरण २००२-०३ च्या पशुधन भरपाई कार्यक्रमात दिसते. आरंभी तो अवर्षणग्रस्त कौंटींपुरता होता. पुढे काँग्रेसने तो अन्य घोषित आपत्तींनाही लागू केला. परिणामी फेब्रुवारी २००३ मध्ये कोलंबिया अंतराळयानाचे अवशेष पडल्यामुळे आपत्तिग्रस्त ठरलेल्या पूर्व टेक्सासमधील पशुपालकांनाही प्रत्यक्ष हानीशिवाय मदत मिळाली. वॉशिंग्टन पोस्टने २००६ मध्ये ही बाब उघड केली.

स्थानिक सत्ता आणि विलंब :
कौंटी हे केवळ मोजमापाचे परिमाण नाही. तेथे निर्णयही होतात. शेतकऱ्यांनी निवडून दिलेल्या कौंटी समित्यांचा संघीय योजनांच्या अंमलबजावणीत सहभाग असतो. स्थानिक ज्ञान हे त्यांचे बळ आहे, तर स्थानिक पूर्वग्रह ही त्यांची उणीव आहे. कर्ज व आपत्ती मदत नाकारताना वर्णभेद झाल्याच्या आरोपावरून कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी कृषी खात्याविरुद्ध 'पिगफोर्ड' खटला लढविला. त्यात १९९९ मध्ये तडजोडीचा हुकूमनामा झाला.

प्रासंगिक मदतीचा दुसरा प्रश्न विलंबाचा. २०२३ मधील पीकहानीसाठी डिसेंबर २०२४ मध्ये निधी मंजूर झाला आणि संबंधित पूरक मदत योजनेचे अर्ज जुलै २०२५ पासून स्वीकारले जाऊ लागले. दरम्यान पुढील हंगामांचे बियाणे, खत आणि कर्जाचे हप्ते यांचा भार शेतकऱ्यालाच सोसावा लागला.

निष्कर्ष :
कौंटी हा निकष प्रशासनाला सोयीचा आहे. परंतु हानी कौंटीची होत नाही, ती विशिष्ट शेताची होते. निकष ढोबळ असल्यास अपात्राला लाभ मिळतो आणि काटेकोर असल्यास गरजूला वेळेवर मदत मिळत नाही. म्हणून तातडीची अल्प रक्कम क्षेत्रीय निकषावर व उर्वरित रक्कम प्रत्यक्ष हानीच्या पडताळणीनंतर देणे अधिक न्याय्य ठरेल. मदत नाकारलेल्यास स्थानिक समितीबाहेर दाद मागण्याचा सुलभ मार्ग असणेही तितकेच आवश्यक आहे.