मिरजेतून तंबोरा करून घेताय? ॲडव्हान्सआधी पट्टी ठरवा

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळाले. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांपासून इथली वाद्यनिर्मिती सुरू झाली, असे सांगतात. मानांकनावरून वाद्य कुठले, ते कळते. तुमच्या गळ्याला ते जुळेल का, हे मात्र ऑर्डर देतानाच ठरते.

पुरुष साधारण काळी एकच्या आसपास गातात, महिला पांढरी पाच किंवा काळी चारच्या आसपास. खालच्या पट्टीला मोठा भोपळा आणि लांब दांडी लागते. एकदा जोडणी झाली की माप बदलत नाही. तारा थोड्या चढवता-उतरवता येतात, तेवढेच. त्यामुळे आधी गुरूंना विचारावे. आवाज फुटायच्या वयातल्या मुलासाठी तर घाई नकोच.

भोपळा भाजीचा नसतो. जाड सालीचे हे कडू भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतात आणि वाळवून वापरतात.

नक्षीवर जास्त पैसे घालण्यापेक्षा जवारीकडे लक्ष द्या. घोडीचा माथा नेमका घासून तारेखाली दोरा सरकवला की झणकार खुलतो. वाद्य ताब्यात घेताना आपल्याच पट्टीत लावून, निवांत ऐकावे. तारा घासून जवारी पुढे बिघडतेच. ती परत काढायचे किती घेणार, तेही आधीच विचारावे.

कुरियरमध्ये भोपळा तडकू शकतो. सांगली-सातारकरांनी स्वतः जाऊन आणलेला बरा.