लोणचं कशानं नासतं?

मे संपत आला की शहापूर-मुरबाडच्या गावांत आगोटीची घाई सुरू होते. परसातल्या रायवळ आंब्याच्या कैऱ्या उतरवायच्या, फोडी करायच्या, बरण्या भरायच्या. सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस लागला की हवेतली ओल महिनोन्‌महिने हटत नाही, म्हणून सगळी बेगमी त्याआधीच उरकायची.

पुढे श्रावणात एखाद्या बरणीत बुरशी दिसते आणि संशय जातो घरातल्या बाईवर. पाळीत बरणीला हात लावला असेल! महाराष्ट्रभर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा समज साफ खोटा आहे आणि त्यापायी कित्येक मुलींनी विनाकारण बोलणी खाल्ली आहेत. बुरशीला हवं असतं पाणी आणि हवा. मीठ फोडींतलं पाणी ओढून घेतं, तेल हवा अडवतं. मीठ कमी पडलं, फोडी ओल्या राहिल्या, बरणी उन्हात कोरडी केली नाही किंवा ओला चमचा आत गेला, की बुरशीचं फावतं. बरणीत नीट पाहावं. तेलातून डोकं वर काढलेल्या फोडीला धोका जास्त. फोडी बुडून वर बोटभर तेल उभं राहायला हवं. कमी पडलं तर कडकडीत तापवून पूर्ण गार केलेलं तेल ओतावं. वरचा थर काढला की खालचं लोणचं चांगलं, हेही खरं नव्हे. बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याहून खोल गेलेले असतात.

असे समज आंब्याच्या झाडाबद्दलही आहेत. मोहर गळला की म्हणतात, झाडाला नजर लागली. आंब्याच्या मोहरात नर फुलंच भरपूर असतात, ती गळायचीच. उरलेल्यांतलीही थोडीच फळं धरतात. त्याहून जास्त गळ दिसली तर तुडतुडे किंवा भुरी आहे का, ते तपासावं.

गोड आंब्याची कोय पुरली की तसाच आंबा येतो, ही आशाही अशीच. हापूसच्या कोयीतलं रोप परागीकरणातून जन्मतं, त्यामुळे फळ वेगळं निघू शकतं. रायवळची झाडागणिक बदलणारी चव त्यातूनच आली. जात टिकवायची तर कलमच हवं. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं 1981 साली नीलम आणि हापूसच्या संकरातून दिलेली ‘रत्ना’ जातसुद्धा कलमानंच वाढवतात.

तरी ‘हापूसचं कलम रायवळ निघालं’ अशी तक्रार होते. अशा वेळी बुंध्याशी वाकून पाहावं. कलमाचा जोड मातीत गाडला गेला असेल, किंवा जोडाखालून फुटलेला रायवळचा फुटवाच झाड होऊन बसला असेल. जोड मातीच्या वर राखावा आणि खालचा फुटवा कोवळा असतानाच खुडावा.