माणूस आपला, म्हणून युद्धही आपले?

२१ ऑगस्ट २०१३ रोजी सीरियाची राजधानी दमास्कसलगतच्या गूता भागात विषारी वायूचा हल्ला झाला. शेकडो माणसे गुदमरून मेली. त्यांत लहान मुलेही पुष्कळ होती. अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी असद सरकारवर क्षेपणास्त्रे डागण्याचा विचार जाहीर केला. वॉशिंग्टन पोस्ट आणि एबीसी न्यूज यांच्या जनमत चाचणीत रिपब्लिकन पक्षाच्या अवघ्या २२ टक्के समर्थकांनी त्याला पाठिंबा दिला. तो हल्ला पुढे झाला नाही.

४ एप्रिल २०१७ रोजी सीरियातल्याच खान शेखून गावात पुन्हा विषारी वायू सोडला गेला. आता राष्ट्राध्यक्ष होते डोनाल्ड ट्रम्प. २०१३ मध्ये हेच ट्रम्प सीरियावर हल्ला करू नका, असे जाहीरपणे सांगत होते. आता त्यांनी तीन दिवसांच्या आत शायरातच्या लष्करी विमानतळावर ५९ क्षेपणास्त्रे डागली. त्याच दोन संस्थांनी पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा ८६ टक्के रिपब्लिकन समर्थकांनी हल्ल्याला होकार दिला.

देश तोच, असदही तेच आणि मरणाची रीतही तीच. बदलला होता तो आदेश देणारा माणूस. तो आपल्या पक्षाचा निघाला आणि चार वर्षांपूर्वी चुकीचे वाटणारे काम बरोबर ठरले.

डेमोक्रॅट धुतल्या तांदळासारखे का?

या चाचण्यांत डेमोक्रॅटिक पक्षाच्या समर्थकांचे मत फारसे हलले नाही. आधी ३८ टक्के, नंतर ३७ टक्के. यावरून हा पक्ष तत्त्वाला धरून चालतो, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. पण थोडे थांबावे.

२००३ मध्ये रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी इराकवर आक्रमण केले. त्याविरुद्ध अमेरिकेत लाखो लोक रस्त्यावर उतरले. मायकेल हेनी आणि फाबिओ रोहास या दोन अभ्यासकांनी पुढील काही वर्षे या मोर्चांत जाऊन लोकांना प्रश्न विचारले आणि त्यावर २०१५ मध्ये पुस्तक लिहिले. त्यांना आढळले ते असे: २००८ मध्ये ओबामा निवडून आले आणि मोर्चांतील डेमोक्रॅट समर्थक घरी परतले. युद्ध मात्र संपले नव्हते. उलट डिसेंबर २००९ मध्ये ओबामांनी अफगाणिस्तानात आणखी ३०,००० सैनिक पाठवण्याचा निर्णय जाहीर केला. म्हणजे त्या गर्दीतल्या अनेकांचा राग युद्धापेक्षा बुश यांच्यावर अधिक होता.

येमेनचेही तसेच. मार्च २०१५ मध्ये सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालील आघाडीने येमेनवर बाँबफेक सुरू केली. तिला हवेत इंधन भरून देणे, गुप्त माहिती पुरवणे, शस्त्रे विकणे ही मदत ओबामा सरकारने केली. सप्टेंबर २०१६ मध्ये सौदीला रणगाडे विकण्यास विरोध करणारा ठराव सिनेटमध्ये आला, तेव्हा तो ७१ विरुद्ध २७ मतांनी बाजूला सारला गेला. पुढे ट्रम्प सत्तेवर आले. मार्च २०१९ मध्ये येमेनच्या युद्धातून हात काढून घेण्याचा ठराव सिनेटने ५४ विरुद्ध ४६ मतांनी मंजूर केला. या वेळी झाडून सारे डेमोक्रॅट बाजूने होते, सोबत सात रिपब्लिकन. दरम्यान पत्रकार जमाल खशोगी यांची हत्या झाली होती, येमेनमधील उपासमारीची छायाचित्रे जगभर पोहोचली होती. त्यामुळे काहींचे मन खरोखर पालटले असेल, हे मान्य करायला हवे. पण येमेनी आईच्या हे ध्यानात आल्यावाचून राहणार नाही की, तिच्या मुलाची भूक वॉशिंग्टनला दिसायला तिथले सरकार बदलावे लागले. हा ठरावही ट्रम्प यांनी नकाराधिकार वापरून रद्द केला.

पारडे कसे झुकते?

मागे जाऊन पाहिले तर हाच खेळ उलटसुलट दिसतो. १९९९ मध्ये कोसोव्होतील अल्बेनियन मुसलमानांवर सर्बियन फौजांचे अत्याचार चालू होते. डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी नाटोबरोबर हवाई हल्ले सुरू केले. त्यांना मान्यता देण्याचा प्रश्न प्रतिनिधीगृहात आला तेव्हा २१३ विरुद्ध २१३ अशी मते पडली आणि ठराव बारगळला. विरोधकांत बहुतेक रिपब्लिकन होते. परदेशातील भांडणात आपली फौज कशाला, असा त्यांचा सवाल होता. साडेतीन वर्षांनी, ऑक्टोबर २००२ मध्ये, इराकवरील युद्धाचा ठराव आला. राष्ट्राध्यक्ष आता त्यांच्या पक्षाचे होते. प्रतिनिधीगृहातील २१५ रिपब्लिकनांनी बाजूने मत दिले, विरोधात फक्त सहा.

डेमोक्रॅट नेत्यांची त्या वेळची अडचण वेगळी होती. जानेवारी १९९१ मध्ये इराकविरुद्धच्या पहिल्या युद्धाला सिनेटमधील ४५ डेमोक्रॅटांनी विरोध केला होता. ते युद्ध अमेरिकेने झटपट जिंकले आणि विरोध करणारे दुबळे ठरवले गेले. जो बायडन आणि जॉन केरी हे दोघेही १९९१ मध्ये विरोधात होते. २००२ मध्ये दोघांनीही इराक युद्धाच्या बाजूने मत दिले. एकीकडे पक्षाचा मोह आणि दुसरीकडे देशद्रोही म्हणवले जाण्याची भीती. या दोहोंच्या मध्ये बगदादच्या माणसाचा विचार कोण करणार?

सामान्य अमेरिकन माणसाचा दोष किती? तो कामधंद्यात गुंतलेला असतो. येमेन नकाशावर कुठे आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. मग आपला नेता आणि आपले वृत्तवाहिन्यांचे चॅनेल काय म्हणते, त्यावरून तो मत बनवतो. १९७३ पासून तिथे सक्तीची सैन्यभरती नाही. युद्धाची झळ सैनिकांच्या थोड्या कुटुंबांपुरती राहते. ज्याची किंमत स्वतःला मोजावी लागत नाही, त्यावर मत बदलणे सोपे असते.

आणि या भांडणाखाली एक गोष्ट शांतपणे चालू राहते. संरक्षण खर्चाचा वार्षिक कायदा साठहून अधिक वर्षे दोन्ही पक्ष मिळून न चुकता मंजूर करत आले आहेत. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या हिशेबानुसार २०२४ मध्ये अमेरिकेचा लष्करी खर्च ९९७ अब्ज डॉलर, म्हणजे साऱ्या जगाच्या खर्चाच्या ३७ टक्के होता.

मुसलमान मतदाराचा अनुभव

अमेरिकेतील मुसलमानांनी या खेळात दोन्ही दारे ठोठावून पाहिली. २००० साली तिथल्या प्रमुख मुस्लिम संघटनांच्या समन्वय परिषदेने बुश यांना पाठिंबा दिला. बुश तेव्हा नम्र परराष्ट्र धोरणाची भाषा करत होते. तीन वर्षांत त्यांचे रणगाडे बगदादमध्ये होते. नंतर हा समाज मोठ्या प्रमाणात डेमोक्रॅटांकडे वळला. पण गाझावर बाँब पडत असताना बायडन सरकार इस्राएलला शस्त्रे देत राहिले. फेब्रुवारी २०२४ मध्ये मिशिगन राज्यातील पक्षांतर्गत निवडणुकीत एक लाखाहून अधिक मतदारांनी बायडन यांच्याऐवजी ‘कोणाशीही बांधील नाही’ या पर्यायावर खूण केली. नोव्हेंबरमध्ये अरब वस्तीच्या डिअरबर्न शहरात ट्रम्प यांना कमला हॅरिस यांच्यापेक्षा जास्त मते पडली. शस्त्रपुरवठा थांबला नाही. २२ जून २०२५ रोजी अमेरिकेने इराणच्या तीन अणुकेंद्रांवर हल्ला केला. त्यानंतर राष्ट्राध्यक्षांना आवर घालण्याचा ठराव सिनेटमध्ये ४७ विरुद्ध ५३ मतांनी पडला. एक डेमोक्रॅट आणि एक रिपब्लिकन सोडले, तर प्रत्येकाने पक्ष पाहून मत दिले.

या मतांशी आपला संबंध नाही, असे समजू नये. १९९० मध्ये इराकने कुवेत गिळले तेव्हा सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना जॉर्डनमधील अम्मानमार्गे विमानांनी मायदेशी आणावे लागले. त्यांत कोकणातील कुटुंबेही होती. आजही आपल्या कितीतरी घरांची चूल आखाताच्या पगारावर पेटते.

एकच माप

तरीही माप न बदलणारी माणसे झाली. ऑगस्ट १९६४ मध्ये व्हिएतनाम युद्धाची वाट मोकळी करणारा ठराव प्रतिनिधीगृहात ४१६ विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला. सिनेटमध्ये फक्त दोघे विरोधात उभे राहिले, वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रुनिंग. दोघेही राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्याच पक्षाचे होते. १९६८ मध्ये दोघांचीही जागा गेली. मुहंमद अली यांनी एप्रिल १९६७ मध्ये सैन्यात भरती होण्यास नकार दिला. आपला दीन या युद्धाची परवानगी देत नाही, ही त्यांची भूमिका होती. त्यांचे जगज्जेतेपद गेले, पाच वर्षांची शिक्षा झाली, तीन वर्षांहून अधिक काळ ते रिंगणाबाहेर राहिले. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. सप्टेंबर २००१ मध्ये दहशतवादविरोधी युद्धाचा ठराव ४२० विरुद्ध एक अशा मतांनी मंजूर झाला. ते एक मत बार्बरा ली यांचे होते. त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. पण मतदारांनी त्यांना पुढेही अनेकदा निवडून दिले.

सूरह अन्-निसाच्या १३५ व्या आयतीत ईमानधारकांना न्यायाच्या बाजूने साक्ष देण्याचा आदेश आहे, मग ती साक्ष स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा नातलगांच्या विरुद्ध का जाईना. सूरह अल्-माइदाच्या आठव्या आयतीत याचीच दुसरी बाजू आहे: एखाद्या समूहाविषयीच्या वैरामुळे न्याय सोडू नये. आपल्या माणसाचे प्रेम आणि परक्याचा द्वेष, न्यायाचे पारडे झुकवणारे हे दोन्ही हात अल्लाहने आपल्याला दाखवून दिले आहेत.

ही कसोटी अमेरिकनांना लावून मोकळे होणे सोपे आहे. सौदीच्या विमानांनी येमेनमध्ये मुसलमान मारले, असदच्या फौजांनी सीरियात मारले, तेव्हा आपण गाझाइतकेच मोठ्याने बोललो का? मोहल्ल्याच्या समितीत आपल्या गटाच्या माणसाने हिशेबात घोळ केला, तर आपला सूर बदलतो का? रात्री जेवताना मुले बातम्यांवर प्रश्न विचारतात. त्यांना कोणता पक्ष चांगला, हे सांगण्याआधी एक सवय लावावी. प्रत्येक बातमीतील नाव क्षणभर झाकायचे आणि विचारायचे, ‘हेच काम दुसऱ्याने केले असते, तर मी काय म्हटले असते?’ उत्तर तेच आले, तर ते आपले मत. उत्तर बदलले, तर ते मत आपले नव्हे, गटाचे.