समजुतींचे मोजमाप

दातांवर साचलेला मऊ थर मोजता येतो. १९६४ साली सिल्नेस आणि लो यांनी सिद्ध केलेल्या निर्देशांकानुसार दंतवैद्य हिरडीलगतचा भाग शलाकेने तपासतो आणि शून्य ते तीन यांपैकी गुण देतो. परंतु पंधरा वर्षांच्या मुलाच्या मनात स्वतःच्या दातांविषयी जी समजूत असते, तिच्यापर्यंत ही शलाका पोहोचत नाही. तेथे त्यालाच विचारावे लागते, आणि हे विचारणे वाटते तितके सोपे नाही.

तंजावरच्या मराठी राजवटीमुळे मराठी वाचकास परिचित असलेले कावेरीकाठचे कुंभकोणम नगर उदाहरणादाखल घेऊ. या परिसरात विड्याच्या पानांचे मळे पूर्वापार आहेत. येथील पानास २०२५ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. विवाह असो वा पूजा, तांबूलावाचून ती पुरी होत नाही. वड आणि बाभूळ दातांना बळकटी देतात, अशी तमिळ म्हण घरोघरी ठाऊक असते. उलट, तंबाखू नसलेला विडादेखील सुपारीमुळे कर्करोगकारक ठरतो, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दिला आहे. म्हणजे येथील मुलाच्या मनात शाळेतला धडा आणि घरची शिकवण शेजारी शेजारी नांदत असतात. यांपैकी कोणती बलवत्तर, हे जाणून घ्यावयाचे आहे.

यासाठी वापरली जाणारी चौकट मुळात क्षयरोगाच्या संदर्भात तयार झाली. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील हॉकबॉम, रोझेनस्टॉक आदी मानसशास्त्रज्ञांना एक कोडे पडले होते : क्ष-किरण तपासणीची सोय असूनही अनेक लोक तिकडे का फिरकत नाहीत? त्यांच्या विवेचनाचा गाभा असा की, रोग आपल्याला होऊ शकतो, झाल्यास तो गंभीर असतो, उपायाचा लाभ होतो आणि त्यातील अडचणी त्या मानाने थोड्या आहेत, असे वाटले तरच मनुष्य हालचाल करतो. केगेलिस यांनी पुढे हाच विचार दंतवैद्याकडे जाण्यास लावून पाहिला.

या चारही समजुती निरनिराळ्या मोजाव्या लागतात, हे विशेष. ‘दात किडणे ही गंभीर बाब आहे’ हे विधान कोणताही शहाणा विद्यार्थी मान्य करील. ‘माझे दात किडण्याचा संभव आहे’ या विधानापाशी मात्र तोच थबकेल. वस्तुतः २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांच्या दर दहा मुलांमागे सुमारे सहांना दंतक्षय आढळला होता. ‘दात किडतात’ आणि ‘माझे दात किडतील’ यांमधील हे अंतर एकाच सरसकट प्रश्नाने कळणार नाही.

म्हणून प्रत्येक समजुतीसाठी अनेक विधाने रचतात. १९३२ साली लिकर्ट यांनी सुचविलेल्या पद्धतीने ‘पूर्णपणे सहमत’ ते ‘पूर्णपणे असहमत’ अशा पायऱ्यांवर उत्तर घेतात. काही विधाने मुद्दाम उलट अर्थाची असतात. न वाचता सर्वत्र ‘सहमत’ लिहिणारा तेथे उघडा पडतो. शिक्षक वर्गात उभे असतील, तर उत्तरे समजुतींची न राहता परीक्षेची होतात. यासाठी उत्तरपत्रिकेवर नाव न लिहिणेच इष्ट.

भाषेची अडचण याहून सूक्ष्म आहे. तमिळमधील ‘नंबिक्कै’ या एकाच शब्दात विश्वास, श्रद्धा आणि आशा हे तिन्ही अर्थ सामावतात. आपल्याकडे मात्र ‘श्रद्धा’ म्हटले की देवाधर्माची छटा येते. प्रस्तुत अनुवादात ‘समजूत’ हा शब्द योजला आहे तो यामुळेच. प्रश्नावलीच्या बाबतीत तर एकाने केलेले भाषांतर दुसऱ्याकडून मूळ भाषेत परत आणवून दोन्ही पाठ ताडून पाहतात.

अखेरीस गुणांचा आणि शलाकेचा मेळ घालून पाहावा लागतो. लाभ पटलेला असूनही ज्याच्या दातांवर जाड थर आढळतो, त्याच्या बाबतीत अडचणींची विधाने पुन्हा वाचावीत. रात्री सामाईक नळावर पाणी नसणे हीदेखील अडचणच. शिवाय परदेशात तयार झालेल्या प्रश्नावलीत सहसा न आढळणारे एक विधान कुंभकोणममध्ये घालावेच लागेल : ‘जेवणानंतर सुपारी घातलेले पान खाल्ल्याने दात बळकट होतात.’