बावटा आणि बटालियन : केंद्रीय राखीव पोलीस दलाची ओळख

निवडणूक जवळ आली, कोठे दंगल झाली किंवा सीमाप्रश्नावरून वातावरण तापले, की आपल्या भागात एक वाक्य हमखास कानी पडते, 'राखीव पोलीस आले!' कोणी त्यांना 'एसआरपी' म्हणतो, कोणी 'सीआरपी' म्हणतो, तर आमचे कानडी शेजारी 'मीसलु पोलीस' म्हणून मोकळे होतात. हे पोलीस कोणाचे, कोणाच्या हुकमाने आले आणि त्यांचा पगार कोण देतो, याचा पत्ता सांगणाऱ्यालाही नसतो आणि ऐकणाऱ्यालाही नसतो. मच्छे येथील राखीव पोलीस कर्नाटक राज्याचे. पलीकडे महाराष्ट्राचे राज्य राखीव पोलीस दल निराळे. आणि या दोहोंहून वेगळे, सर्व देशभर फिरणारे, ते केंद्रीय राखीव पोलीस दल. प्रस्तुत लेखात या तिसऱ्या दलाची माहिती द्यावयाची आहे.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. पोलीस हा काही माझ्या अभ्यासाचा विषय नव्हे. परंतु 'व्यवसाय संघटन' शिकताना अधिकार वरून खाली कसा येतो आणि जबाबदारी खालून वर कशी जाते, याचे तक्ते आम्ही काढतो. तसा एक तक्ता तीन लाख माणसांच्या संस्थेचा काढून पाहावा, असे मनात आले. शिवाय आमच्या वर्गातील काही मित्र दरवर्षी या भरतीचे अर्ज भरतात. ज्या घरात जावयाचे, त्या घराची रचना आधी ठाऊक असलेली बरी.

देशाला एक पोलीस दल आहे काय?

या प्रश्नाचे सरळ उत्तर 'नाही' असे आहे. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात विषयांच्या तीन याद्या आहेत. त्यांपैकी राज्यसूचीत पहिला विषय सार्वजनिक सुव्यवस्था आणि दुसरा विषय पोलीस. म्हणजे आपल्या गावचे पोलीस ठाणे, फौजदार, हवालदार हे सारे राज्य सरकारचे. पुढे १९७६ साली ४२ व्या घटनादुरुस्तीने केंद्रसूचीत '२ अ' ही नोंद घालण्यात आली आणि नागरी सत्तेच्या मदतीसाठी केंद्राचे सशस्त्र दल कोणत्याही राज्यात पाठविण्याचा विषय केंद्राकडे गेला. केंद्रीय राखीव पोलीस दल उभे आहे ते या दोन नोंदींच्या मधल्या जागेत. त्याच्या नावात 'पोलीस' आहे, पण चौकी नाही. त्याचा मालक केंद्र आहे, पण काम राज्यात आहे.

जन्म नीमचचा

या दलाचा जन्म २७ जुलै १९३९ रोजी नीमच येथे झाला. नीमच हे ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या मुलखातील गाव आणि तेथे इंग्रजांची छावणी. व्हाइसरॉय हा ब्रिटिश हिंदुस्थानचा कारभारी होताच, पण संस्थानिकांशी वागताना तो 'क्राउन रिप्रेझेंटेटिव्ह', म्हणजे राजमुकुटाचा प्रतिनिधी असे. संस्थानांतून प्रजेच्या चळवळी जोर धरू लागल्या, तेव्हा या प्रतिनिधीच्या हाताशी स्वतःचे असे एक दल असावे म्हणून 'क्राउन रिप्रेझेंटेटिव्हज् पोलीस' उभारण्यात आले. आरंभी बटालियन होत्या अवघ्या दोन.

राजमुकुट गेला, संस्थाने गेली. मग हे दल राहिले कसे? याचे श्रेय सरदार पटेलांच्या दूरदृष्टीला द्यावे लागेल. संस्थाने विलीन होत असताना जुनागढ आणि काठेवाडच्या बाजूस याच दलाचा उपयोग झाला. २८ डिसेंबर १९४९ रोजी कायदा होऊन दलाला आजचे नाव मिळाले. प्रजेला धाकात ठेवण्यासाठी काढलेले दल साधारण साडेदहा वर्षांत प्रजासत्ताकाच्या सेवेत रुजू झाले. जहाज तेच, पण बावटा बदलला.

निशाणाची गोष्ट

आणि बावटा खरोखरच बदलला. १९ मार्च १९५० रोजी नीमच येथे सरदार पटेलांनी या दलाला निशाण प्रदान केले. आजही १९ मार्च हा दिवस दलात 'सीआरपीएफ दिन' म्हणून पाळला जातो. (सहज आठवले म्हणून सांगतो, मराठीत आपण 'बावटा' म्हणतो, कानडीत 'बावुट' म्हणतात. हा शब्द दोन्ही भाषांनी वाटून घेतलेला आहे.)

निशाण आणि साधा झेंडा यांत फरक आहे. झेंडा फाटला तर नवा शिवता येतो. निशाण हा मान आहे, आणि तो राष्ट्रपतींच्या नावाने समारंभपूर्वक दिला जातो. जुन्या काळी रणांगणात धुळीच्या लोटात आपली पलटण कोठे आहे हे शिपायाला निशाणावरून कळे. ते पडले की पलटण पडली, अशी समजूत असे. आता निशाण घेऊन कोणी लढत नाही, परंतु संचलनात ते समोरून जाताना सलामी द्यावी लागते ती याच कारणाने. आपल्या बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र असल्यामुळे हे आपणांस वेगळे सांगावयास नको.

पोलीस दलांनाही असा मान मिळतो. २ जानेवारी १९६१ रोजी पंडित नेहरूंनी महाराष्ट्र पोलिसांना ध्वज दिला, म्हणून तो त्यांचा स्थापना दिन. केंद्रीय राखीव दलातील 'रॅपिड ॲक्शन फोर्स' या शाखेला ७ ऑक्टोबर २००३ रोजी निशाण मिळाले. कर्नाटकात २ एप्रिल हा पोलीस ध्वज दिन आहे. त्याचे कारण मात्र निराळे : १९६५ साली याच दिवशी कर्नाटक पोलीस कायदा अंमलात आला. त्या निमित्ताने छोटे कागदी ध्वज विकले जातात आणि जमलेला पैसा पोलिसांच्या कल्याणासाठी वापरला जातो. निशाण मानाचे आणि कागदी ध्वज मदतीचा. दोन्हींची गरज असते, असे मला वाटते.

संघटन-तक्ता

आता मुख्य विषयाकडे वळू. दलाचे मुख्यालय नवी दिल्ली येथे असून प्रमुखास महासंचालक म्हणतात. तो भारतीय पोलीस सेवेतील अधिकारी असतो. हे पद १९६८ साली आले आणि त्यावर पहिली नेमणूक झाली ती व्ही. जी. कानेटकर यांची, ही मराठी वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी गोष्ट. महासंचालक केंद्रीय गृहमंत्रालयाला जबाबदार असतो.

बँकेचे उदाहरण घेतले तर तक्ता चटकन समजतो. मुख्य कचेरी म्हणजे महासंचालनालय. त्याखाली झोन, झोनखाली सेक्टर आणि सेक्टरखाली रेंज. सेक्टरचा प्रमुख महानिरीक्षक, तर रेंजचा प्रमुख उपमहानिरीक्षक. आणि शाखा कोणती? तर बटालियन. प्रत्यक्ष काम तेथे चालते. बटालियनचा प्रमुख कमांडंट. सर्वसाधारणपणे एका बटालियनमध्ये सात कंपन्या असतात आणि माणसे हजाराच्या आसपास. कंपनीच्या प्लाटून होतात आणि प्लाटूनचे सेक्शन होतात. अशा २४० हून अधिक बटालियन आज आहेत. दोनावरून सुरू झालेला हा हिशेब येथवर आला आहे.

बटालियन सदा फिरती. आज काश्मीर, उद्या छत्तीसगड, परवा कोठे निवडणूक. मग जवानाचे सेवापुस्तक, सामानसुमान, कुटुंबाची व्यवस्था हे कोण पाहणार? त्यासाठी 'ग्रुप सेंटर' असते. शाखा हलली तरी खातेवही एका जागी राहते. हे दल वर्षानुवर्षे प्रवासात राहूनही विस्कटत नाही, याचे मर्म मला या व्यवस्थेत दिसते.

हुद्दा खांद्यावरून ओळखावा. शिपायाचा खांदा कोरा. हवालदाराच्या बाहीवर तीन फिती. सहायक उपनिरीक्षकास एक तारा, उपनिरीक्षकास दोन, निरीक्षकास तीन, आणि ताऱ्यांजवळ तांबडी-निळी फीत. असिस्टंट कमांडंटलाही तीनच तारे, पण फीत नाही; येथे पुष्कळजण फसतात. डेप्युटी कमांडंटपासून ताऱ्याऐवजी अशोकस्तंभाचे चिन्ह येते. त्याच्याबरोबर एक तारा असेल तर तो बटालियनचा दुय्यम अधिकारी, दोन असतील तर कमांडंट, तीन असतील तर उपमहानिरीक्षक. एकमेकांना छेद देणारी तलवार आणि दंडुका दिसला, की महानिरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारी समजावा.

खास कामांसाठी दलाच्या खास शाखा आहेत. दंगलीच्या बंदोबस्तासाठी १९९२ साली निघालेली रॅपिड ॲक्शन फोर्स तिच्या निळ्या गणवेशावरून ओळखू येते. जंगलातील मोहिमांसाठी 'कोब्रा' बटालियन आहेत. त्यांची जंगल-युद्धाची प्रशिक्षण शाळा आपल्याच खानापूर तालुक्यात आहे. १९८६ साली महिलांची पहिली बटालियन उभी राहिली. १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला झाला, तेव्हा दरवाजावर उभ्या असलेल्या कमलेश कुमारी याच दलाच्या. मरणोत्तर अशोकचक्र त्यांना मिळाले.

हुकूम कोणाचा? खर्च कोणाचा?

केंद्रीय दल गावात आले, की राज्याच्या पोलिसांचा अधिकार संपला, असा एक गैरसमज आहे. तसे नाही. हे दल नागरी सत्तेच्या 'मदतीला' येते. कोणत्या चौकात उभे राहावयाचे हे जिल्ह्याचे प्रशासन आणि स्थानिक पोलीस ठरवितात. जवानांवरील शिस्तीचा अंमल मात्र त्यांच्या स्वतःच्या अधिकाऱ्यांचा. फिर्याद नोंदविणे, गुन्ह्याचा तपास करणे, न्यायालयात खटला उभा करणे ही कामे राज्य पोलिसांचीच राहतात. आणि वाणिज्याच्या विद्यार्थ्याला गंमत वाटेल अशी गोष्ट म्हणजे, या मदतीचे बिल सर्वसाधारणपणे राज्याकडे जाते. ते थकले की दोन सरकारांत पत्रव्यवहार चालतो.

'पोलीस' की 'सैन्य', हा वाद नुसता शब्दांचा नाही. १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नोकरीत येणाऱ्यांना जुने निवृत्तिवेतन राहिले नाही. सैन्याला मात्र त्यातून वगळले होते. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही केंद्रीय दलेही संघराज्याची सशस्त्र दलेच असल्याने त्यांना जुने निवृत्तिवेतन मिळावे असा निर्णय दिला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. एका शब्दाच्या अर्थावर हजारो घरांचे म्हातारपण अवलंबून असते, हे यावरून ध्यानी यावे.

या दलाने सैन्यासारखे काम केले नाही काय? २१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी गोळीबारात दहा जण पडले. देशभर पोलीस स्मृतिदिन पाळतात तो याच तारखेला. ९ एप्रिल १९६५ रोजी कच्छच्या रणात सरदार चौकीवर याच पोलिसांनी पाकिस्तानी सैन्याचा हल्ला परतविला. त्या वर्षाच्या अखेरीस सीमा सुरक्षा दल निघाले आणि सरहद्दीचे ओझे त्याच्याकडे गेले.

आपल्या भाषेचा प्रश्न

माझा मावसभाऊ मराठी माध्यमात शिकला. भरतीच्या परीक्षेला तो बसला तेव्हा प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजी या दोनच भाषांत होती. धावण्यात तो पहिला आला असता, पण लेखी परीक्षेतच मागे पडला. गणित त्याला येत होते. गणिताचा प्रश्न काय विचारतो आहे, हे वेळेत उमगत नव्हते. केंद्रीय दलांतील शिपाई भरतीची परीक्षा १ जानेवारी २०२४ पासून हिंदी-इंग्रजीखेरीज तेरा भाषांत घेण्याचे ठरले. त्यांत मराठी, कन्नड आणि कोकणी या तिन्ही आहेत. फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये अशी पहिली परीक्षा झाली. भाषेच्या ज्ञानाचा भाग अजून हिंदी किंवा इंग्रजीचाच आहे, पण बुद्धिमापन, सामान्यज्ञान आणि गणित आता आपल्या भाषेत सोडविता येते. मावसभावाचे वय तोवर उलटून गेले होते. त्याचा धाकटा भाऊ आता तयारीला लागला आहे. सीमाभागातील मराठी शाळेत शिकलेल्या मुलाने आणि शेजारच्या कन्नड शाळेतील मुलाने एकाच बाकावर बसून, आपापल्या भाषेत, एकाच नोकरीची परीक्षा द्यावी, यात कोणाचे काय वाईट होते?

शेवटचा ध्वज

निशाणाविषयी इतके लिहिल्यावर एका ध्वजाविषयी लिहावयाचे राहिले. तो दलाचा नाही; राष्ट्राचा आहे. २००२ च्या ध्वजसंहितेप्रमाणे शासकीय, लष्करी आणि केंद्रीय निमलष्करी दलांच्या अंत्यविधीत पार्थिवावर तिरंगा घालतात. केशरी पट्टा डोक्याकडे असावा लागतो. तो ध्वज चितेबरोबर जाळावयाचा नसतो की मातीत पुरावयाचा नसतो. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे या दलाचे चाळीस जवान गेले. त्यांत दोघे बुलढाणा जिल्ह्याचे होते आणि एक मंड्या जिल्ह्याचा. एका घरी मराठीत आक्रोश झाला, एका घरी कानडीत. वर घातलेला ध्वज मात्र सारखाच होता.

'सेवा और निष्ठा' हे या दलाचे ब्रीद. पुढच्या वेळी चौकात राखीव पोलीस दिसले, की वाचकांनी आधी त्यांच्या खांद्यावरील नावपट्टी पाहावी. ते राज्याचे की केंद्राचे हे कळेल. केंद्राचे असतील, तर तो जवान घरापासून हजार मैलांवर उभा असेल आणि आपली भाषा त्याला येत नसेल, हेही ध्यानात घ्यावे. पाणी विचारावयाला भाषा लागत नाही.