सवलत दहावीपुरती

देशातला पहिला अपंग व्यक्ती कायदा ७ फेब्रुवारी १९९६ रोजी लागू झाला. त्याला यंदा ३० वर्षं झाली. या ३० वर्षांत त्या कायद्याने काय दिलं यावर बोलणं व्हायला हवं होतं. त्याऐवजी सरकारी कचेऱ्यांत आणि वर्तमानपत्रांत चर्चा चालली आहे ती खोट्या प्रमाणपत्रांची. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याचं प्रकरण गाजलं, मग कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांची फेरतपासणी आली, आणि संशयाची नजर थेट विरारच्या लोकलपर्यंत पोहोचली. कानाला यंत्र लावून अपंगांच्या डब्यात बसलेल्या अकरावीच्या मुलीला आता सहप्रवासी विचारतात, ‘तुला नक्की काय झालंय?’

जुन्या योजनांवर फार रेंगाळण्यात अर्थ नाही. १९७४ मध्ये केंद्राने अपंग मुलांना सर्वसाधारण शाळेत आणण्याची योजना काढली. सुरुवातीला सांगितलेल्या १९९५ च्या कायद्याने १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण आणि सरकारी-अनुदानित संस्थांत ३ टक्के जागा दिल्या. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यातला एक तालुका होता. शिक्षकांना परिपत्रक वाचून दाखवलं जाई आणि ते फाइलीत जाई. एवढंच.

खरी गोष्ट सुरू होते २००९ पासून. त्या वर्षी ३ जुलैला वसई, नालासोपारा, विरार आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आसपासच्या ग्रामपंचायती मिळून महानगरपालिका झाली. त्याच वर्षी नववी ते बारावीच्या अपंग विद्यार्थ्यांसाठी केंद्राची वेगळी समावेशित शिक्षण योजना आली, आणि मुंबई परिसरात अकरावीचे ऑनलाइन प्रवेशही तेव्हाच सुरू झाले. तिन्ही गोष्टी एकमेकींना धरून चालल्या असत्या तर पुढच्या दहा वर्षांचा इतिहास वेगळा झाला असता. तशा त्या चालल्या नाहीत.

राज्य मंडळाने सवलती दिल्या होत्या आणि त्या लहान नव्हत्या. तासाला २० मिनिटं जादा, लेखनिक, वाढीव गुण, अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना एका भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित आणि सोबत कार्यानुभव. अध्ययन अक्षमता मान्य करण्यात महाराष्ट्र देशात पुढे होता, हे मान्य करायलाच हवं. पण या सवलतींचा वापर कसा झाला? फाटकावर ‘१०० टक्के निकाल’ असा फलक लावायचा असलेल्या शाळांना गणित सोडणारं मूल सोयीचं होतं. आठवीतच पालकांना बोलावून ‘याला गणित झेपणार नाही’ असं सांगितलं जाई आणि अर्जावर सही घेतली जाई. गणित सोडलं की विज्ञान शाखा गेली, पुढचे तंत्रशिक्षणाचे बरेच रस्ते गेले, हे त्या पालकांना कळे ते अकरावीचा अर्ज भरताना. मुलाच्या वतीने हा निर्णय इतक्या घाईने घेणाऱ्या मोठ्या माणसांना माफ करणं कठीण आहे.

प्रमाणपत्राची तर वेगळीच वणवण. २०१४ पर्यंत जिल्हा रुग्णालय म्हणजे ठाण्याचं सिव्हिल. तिथे जायचं तर दादरला गाडी बदलायची, नाहीतर घोडबंदर रस्त्याची बस. अध्ययन अक्षमतेसाठी शीव, नायर किंवा केईएम, कानासाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था, हातापायासाठी हाजीअली. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला तेव्हा वसईच्या पालकांना वाटलं, आता घराजवळ काम होईल. जिल्हा मुख्यालयाची नवी इमारतच उभी राहिली २०२१ मध्ये. तोवर ऐन नववी-दहावीच्या वर्षात मुलांच्या शाळेचे दिवस रुग्णालयाच्या बाकड्यांवर गेले.

लेखनिकाचं काम जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. दहावीला लेखनिक नववीचा हवा, बारावीला अकरावीचा. नववीचं पोर शेजारच्या इमारतीत सापडतं. अकरावीची मुलं मात्र आपापल्या परीक्षांत आणि क्लासमध्ये अडकलेली असतात. शिवाय सांगून लिहून घेणं हीच एक विद्या आहे. उत्तर मनात आधी जुळवायचं, ‘नवा परिच्छेद’ म्हणायचं, रासायनिक सूत्रातला आकडा खाली लिहायचा की वर हे सांगायचं, लेखनिकाने काय लिहिलं ते मध्येच वाचून घ्यायचं आणि घड्याळही सांभाळायचं. याचा सराव आठवीपासून रोज व्हायला हवा. बहुतेक मुलांची लेखनिकाशी पहिली ओळख होई ती परीक्षेच्या आदल्या आठवड्यात.

या दशकात उजेड दिसला तो मुंबईतून. सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ मध्ये दृष्टिहीनांसाठी संसाधन केंद्र सुरू झालं होतं. कृतिका पुरोहित या दृष्टिहीन विद्यार्थिनीला फिजिओथेरपी शिकायची होती. प्रवेशयंत्रणेने नकार दिला, तेव्हा या केंद्राच्या पाठबळावर ती मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि २०१० मध्ये तिचा मार्ग मोकळा झाला. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांचं उदाहरण वसईकरांना आणखी जवळचं. लहानपणीच दृष्टी गेलेली, दादरच्या कमला मेहता अंधशाळेत शिक्षण, बारावी उल्हासनगरच्या चांदीबाई महाविद्यालयातून आणि मग रोज लोकलने झेवियर्स. पहिल्यांदा लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण होऊनही रेल्वेने अंधत्वाचं कारण देऊन नोकरी नाकारली. पुढच्या प्रयत्नात १२४ वा क्रमांक आला, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये त्या तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी झाल्या. शाळेतच ब्रेल हाताखालून गेलेलं आणि संगणकावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरायची सवय झालेली, याचं मोल त्यांच्या वाटचालीत दिसतं.

विरारच्या मुलाला मात्र चर्चगेटपर्यंत ६० किलोमीटर होते. फलाटावर अपंगांच्या डब्याच्या जागी ‘पी-पी’ वाजणाऱ्या यंत्राशी उभं राहायचं, डबा समोर येतो, पण आत धडधाकट माणसं ठासून भरलेली. त्या गर्दीतही अपंगांच्या डब्यात एक शाळा भरत असे. पदवीला असलेली मुलं अकरावीतल्यांना सांगत, कोणत्या महाविद्यालयाची लिफ्ट चालू असते, कोणते सर नोट्स आधी देतात, ग्रंथालयात कुणाला भेटायचं. अशी माहिती एकाही समुपदेशन मेळाव्यात मिळत नसे. टाळेबंदीत डबे रिकामे झाले, नंतर वर्ग आणि नोट्स मोबाइलवर गेल्या, आणि ती शाळा मोडली ती पुन्हा तशी भरलीच नाही.

मोबाइलने सगळं सोपं केलं असंही नाही. मराठी नोट्स अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप होतात किंवा पानांचे फोटो काढून पाठवल्या जातात. वाचक-सॉफ्टवेअर त्यांतलं एक अक्षर सरळ वाचू शकत नाही. कर्णबधिर विद्यार्थ्याचं तर त्याहून कठीण. शाळेत बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहून आणि थोड्या खुणांवर निभावलेलं असतं. अकरावीत एका वर्गात शंभरावर मुलं, प्राध्यापक फळ्याकडे तोंड करून बोलणार आणि सांकेतिक भाषेचा दुभाषी कुठेच नाही.

२०१६ च्या कायद्याने २१ प्रकारची अपंगत्वं मान्य केली आणि उच्च शिक्षणात ५ टक्के जागा दिल्या. २०२१ मध्ये विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ४० टक्के अपंगत्वाच्या अटीत न बसणाऱ्यालाही गरज असेल तर लेखनिक नाकारता येणार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या ओंकार गोंड या विद्यार्थ्याच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने बजावलं की नुसत्या टक्केवारीवरून वैद्यकीय प्रवेश रोखता येणार नाही, विद्यार्थी काय करू शकतो ते पाहावं लागेल. निकाल मोलाचे आहेत. पण वसई-नालासोपाऱ्याच्या मुलाला न्यायालयाचं दार कुणी दाखवायचं? अमेरिकेत १६ वर्षांच्या अपंग विद्यार्थ्याच्या वैयक्तिक शिक्षण-आराखड्यात शाळेनंतर काय, हे कायद्यानेच लिहावं लागतं. इथे दहावीचा दाखला देताना मुलाला कोणती सोय लागत होती, याचा साधा कागदही पुढच्या महाविद्यालयाकडे जात नाही. अकरावीत पालक पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायला बसतात. काही ठिकाणी तर ‘काही झालं तर महाविद्यालय जबाबदार नाही’ असं हमीपत्र त्यांच्याकडूनच लिहून घेतलं जातं.

२००९ च्या योजनेतले कंत्राटी विशेष शिक्षक मुलांची ही माहिती महाविद्यालयापर्यंत पोहोचवण्याचं काम करू शकले असते. माध्यमिक शाळांत फिरणारी ती माणसं तुटपुंज्या मानधनावर वर्षानुवर्षं राबली, योजना आधी राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानात आणि २०१८ मध्ये समग्र शिक्षात विरघळली, आणि त्यांच्या हातातल्या मुलांच्या नोंदी कुठे गेल्या हे विचारायलाही कुणी उरलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवून दिलं, त्यानंतर २०२४ मध्ये राज्याने शाळासमूहाच्या केंद्रपातळीवर ४,८६० पदं मंजूर केली. म्हणजे एका केंद्राच्या सगळ्या शाळांमागे एक माणूस. त्यातून कनिष्ठ महाविद्यालयाच्या वाट्याला काय येणार? विशेष शिक्षक शाळेचा, अपंग विद्यार्थ्यांना मदत करणारा समान संधी कक्ष पदवी महाविद्यालयाचा. मधल्या दोन वर्षांत कुणाचीच नेमणूक नाही. वसई-विरार महापालिकेला २०१८ पासून दिव्यांगांसाठी अंदाजपत्रकाचा ५ टक्के निधी राखून ठेवावा लागतो. त्यातून अकरावी-बारावीसाठी लेखनिकांची एक यादी, दोन दुभाषी आणि नोट्स युनिकोडमध्ये आणणारा एक माणूस एवढं तरी या जूनच्या प्रवेशांआधी उभं करता येईल.