'सियाहरू' मलिक अंबर: एका मुघल चित्राचा अर्थ

मराठीत 'तोंड काळे होणे' म्हणजे बेअब्रू होणे. फारसीतील 'सियाहरू' या शब्दाचा आशयही तोच. मात्र जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात मलिक अंबरास हे विशेषण लावले, तेव्हा त्याचे निव्वळ रूपकपण संपले. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा सूत्रधार झालेला अंबर कांतीनेच काळा होता. त्याचा वंश हाच जणू त्याचा अपराध ठरला.

अबुल हसनने सुमारे १६१६ मध्ये काढलेल्या, डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयातील चित्रात हीच शिवी दृश्यरूप घेते. मासा, त्यावर वृषभ, त्यावर पृथ्वीगोल आणि गोलावर उभा तेजोवलयांकित बादशहा. भाल्यावर खोचलेल्या अंबराच्या मस्तकावर तो बाण सोडतो आहे. मस्तकापाशी घुबड, म्हणजे रात्रीचे पाखरू. कुसर अप्रतिम आहे, यात शंका नाही. प्रसंग मात्र कधीच घडला नाही. १६१६ मध्ये मुघलांनी अंबराची खडकी उद्ध्वस्त केली, तरी तो हाती लागला नाही. १६२४ मध्ये भातवडीस त्याने मुघल व आदिलशाही फौजांचा पराभव केला. १६२६ मध्ये तो वार्धक्याने वारला. रणात न मिळालेले मस्तक बादशहाने कागदावर मिळविले, एवढेच.

विशेष हे की, युद्धात आणि राज्यकारभारात अंबराला तोड नव्हती, अशी नोंद जहांगीराच्याच दरबारातील मुतमदखानाने केली. महाराष्ट्रात त्याचे नाव टिकले ते जमीनमहसुलाच्या 'मलिकंबरी' पद्धतीमुळे.